व्यायाम करताना स्नायू रक्तातली साखर आत कशी घेतात? इन्सुलिन काम करत नसेल तरी घेतात का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की वडिलांना सात वर्षांपासून शुगर आहे, घरातले म्हणतात, 'इन्सुलिनच काम करत नाही तर चालून काय उपयोग?' आणि शेवटी विचारलंय की चालणं बरं का वजन उचलणं. उत्तर आधी देते. हो, घेतात. इन्सुलिनचा निरोप पेशीत नीट पोचत नसला तरी राबणारा स्नायू साखर घेतो. पण तुमच्या घरात आज जे वाक्य बोललं जातंय तेच आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी बोललं गेलं. त्यावरून मी आणि माझा सख्खा थोरला भाऊ आठ महिने एकमेकांशी बोललो नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गाव धारूर तालुक्यातलं. आमच्या आण्णांनी बावीस हंगाम ऊस तोडला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेऊन खर्ची पडलेली असायची. आई-आण्णा म्हणजे एक कोयता, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला असंच म्हणतात. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, पहाटे अंधारात फडात, आणि रात्री अकराला ट्रक आला तर रात्री अकराला भरायचा. डोक्यावर मोळी घेऊन हलत्या फळीवरून वर चढताना आण्णांच्या पोटरीचा गोळा कसा वर सरकायचा हे मी लहानपणी खाली उभी राहून पाहिलंय. आम्ही दोघं भावंडं शिकलो ती त्या पोटऱ्यांच्या जिवावर.

दादाला संभाजीनगरला नोकरी लागली, आण्णांनी कोयता खाली ठेवला, आणि तीन-चार वर्षांत शुगर निघाली. वय अठ्ठावन्न. गावात लोक म्हणाले, 'जन्मभर ऊस तोडला, साखर अंगात भिनली.' म्हणणाऱ्याला गंमत वाटते, ऐकणाऱ्याला वाटत नाही.

शहरातल्या एका दवाखान्यात डॉक्टर एवढंच बोलले, 'आता दगदग नको.' दादानं ते मनावर घेतलं. अगदी मनापासून घेतलं, हेही लिहिते. आण्णांना तिसऱ्या मजल्यावर नेलं, गॅलरीत खुर्ची टाकून दिली. भाजी आणायला जायचं नाही, खाली उतरायचं तर लिफ्टनं, पाण्याचा तांब्यासुद्धा सून हातात देणार. दहा महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीए१सी, ७.६ वरून ९.३ वर गेला. गोळ्या दोनाच्या चार झाल्या. दिवाळीला मी गेले तेव्हा आण्णांनी धोतर जरा वर घेऊन मला पाय दाखवले. पोटरीचा गोळा उरलाच नव्हता, नुसती कातडी लोंबत होती. म्हणाले, 'माय, बसून बसून गुडघे आखडायलेत. मला काय झालंय की ही पोरं मला हलूच देईनात?'

मी दादाला म्हटलं, यांना चालू दे, काम करू दे, साखर खाली येईल. दादा म्हणाला, 'इन्सुलिनच काम करत नाही त्यांचं. किल्लीच चालत नाही तर कुलूप उघडेल का? चालून अंगातली ताकद तेवढी जाईल.' मी म्हटलं, हे कुणी सांगितलं? तो आत गेला आणि पुतण्याची अकरावीची वही घेऊन आला. पुतण्या दोन वर्षं माझ्याकडे राहून शिकला होता. वहीत माझ्याच अक्षरात, लाल शाईनं चौकट करून लिहिलेलं होतं: 'इन्सुलिन ही किल्ली. किल्लीशिवाय ग्लुकोज पेशीत जात नाही.'

ती ओळ मी त्याआधी चौदा वर्षं फळ्यावर लिहीत होते. परीक्षेला पुरते. पण ती अर्धीच खरी आहे, आणि त्या अर्धवट ओळीनं माझा बाप खुर्चीत बसवून ठेवला होता. त्या दिवसापासून मी ती लिहीत नाही.

आता पेशीत काय होतं ते.

पहिली गोष्ट म्हणजे, स्नायूच्या पेशीला साखरेचं दार असतं आणि ते कुलूपबंद असतं, हे चित्रच डोक्यातून काढा. विश्रांतीत असलेल्या स्नायूच्या भिंतीत ही दारं फारशी नसतातच. दार म्हणजे ग्लूट-फोर नावाचं एक वाहक प्रथिन, आणि त्याचा बहुतेक साठा पेशीच्या आत बारीक बारीक पिशव्यांमध्ये ठेवलेला असतो. निरोप आला की त्या पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, पेशीपटलात मिसळतात आणि दारं भिंतीत बसतात. काम संपलं की ती पुन्हा आत ओढली जातात. वाहक असे आतून बाहेर येतात हे १९८० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी चरबीच्या पेशींमध्ये दाखवलं. म्हणजे खरा प्रश्न कुलपाचा नाही. पिशव्यांना 'चला बाहेर' हा निरोप कोण देतं, हा आहे.

एक निरोप इन्सुलिनचा. ते पेशीबाहेर निरोप घ्यायला बसलेल्या प्रथिनाला, ग्राहीला, चिकटतं, आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात, निरोप एकेटी नावाच्या एन्झाइमपर्यंत जातो, आणि ते पिशव्यांवरचा ब्रेक सोडतं. या ब्रेकचं नाव टीबीसी१डी४. आण्णांना आहे त्या टाइप टू शुगरमध्ये ही साखळी वरच्या टप्प्यांवर ढिली पडते. इन्सुलिन असतं, कधीकधी गरजेपेक्षा जास्त असतं, पण निरोप खालपर्यंत पोचत नाही. पिशव्या शाबूत, दारं शाबूत, आणि सगळी आत पडून.

दुसरा निरोप स्नायू स्वतःचा स्वतःला देतो. त्याला इन्सुलिनची ती साखळी लागत नाही. आण्णांचा हात कडबाकुट्टीचं चाक ओढतो (ती गोष्ट पुढे येते) तेव्हा मज्जातंतूकडून इशारा येतो आणि पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर पडतं. त्याशिवाय स्नायू आखडतच नाही. हे कॅल्शियम पिशव्या हलवायलाही मदत करतं. आखडायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं आणि उरलेल्या चुऱ्यातून एएमपी वाढतं. एएमपी वाढलं की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं. त्याला मी वर्गात घरातला हिशेबनीस म्हणते, कणगी खाली चालली की पहिलं ओरडणारा. तिसरी गोष्ट ताणाची. पेशी ओढली गेली, ताणली गेली की रॅक१ नावाचं प्रथिन पेशीचा आतला सांगाडा हलवतं आणि पिशव्यांना वाट मिळते. हे सगळे निरोप शेवटी त्याच ब्रेककडे आणि त्याच्या भावंडाकडे, टीबीसी१डी१ कडे, येऊन पोचतात. वाटा दोन, पण शेवटचा फाटा एकच. एएमपीके निकामी केलेल्या उंदरांचे स्नायूही व्यायामात साखर घेतात, म्हणजे निसर्गानं सगळा भार एका निरोप्यावर टाकलेला नाही.

आणि हे सिद्ध कसं झालं, तर अगदी सरळ. वोर्टमॅनिन नावाचं एक रसायन इन्सुलिनच्या साखळीतली एक कडी तोडतं. १९९५ मध्ये उंदरांच्या स्नायूंवर ते वापरून पाहिलं. इन्सुलिनमुळे साखर आत जाणं थांबलं, पण स्नायू आखडवल्यावर ती पूर्वीसारखीच जात राहिली. १९९९ मध्ये टाइप टू असलेल्या माणसांना सायकल चालवायला लावून स्नायूचा बारीक तुकडा तपासला, तर ग्लूट-फोर पेशीपटलावर आलेलं होतं, जवळजवळ निरोगी माणसांइतकंच. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वाट वीस वर्षं मोकळी होती, आणि आम्ही आण्णांना तिच्यासमोर खुर्ची टाकून बसवलं होतं.

दारं बसली म्हणून काम झालं असं नाही. साखर या दारातून ढकलली जात नाही. बाहेर जास्त आणि आत कमी असेल तरच उतारावरून पाण्यासारखी आत येते. म्हणून आत आल्याबरोबर हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम तिला फॉस्फेटचा बिल्ला लावतं. बिल्ला लागलेली साखर त्या दारातून परत जाऊ शकत नाही, आणि तो काढणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूत नसतं. स्नायूनं घेतलेली साखर स्नायूचीच. शिवाय राबत्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, रक्त कितीतरी जास्त येतं, म्हणजे दारापर्यंत मालही भरपूर येतो.

आकड्यात सांगायचं तर शुगर १०० म्हणजे शंभर मिलीलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम, म्हणजे अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून सगळी पाच ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा. २०० म्हणजे दोन चमचे. याउलट स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीच्या साखरेच्या, रूपात साधारण चारशे ग्रॅम मावतं. एक-दोन चमच्यांसाठी आपण एवढे घाबरतो आणि ती ठेवायची कोठी रिकामी करायचं नाव काढत नाही. काम करताना स्नायू आधी आपल्याच कोठीतलं वापरतो, मग रक्तातलं ओढतो, आणि काम थांबल्यावर कोठी पुन्हा भरायला तासन् तास ओढत राहतो. व्यायामाचा स्वतःचा निरोप दोन-तीन तासांत विरतो. त्यानंतर त्या स्नायूत इन्सुलिनचा निरोपही आधीपेक्षा बरा ऐकू येतो, एक-दोन दिवस. तोही फक्त राबलेल्या स्नायूत. डेन्मार्कमध्ये एरिक रिश्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांकडून एकाच पायानं व्यायाम करवला. राबलेला पाय इन्सुलिनला जास्त दाद देत होता, बसलेला नव्हता. रक्त तेच, इन्सुलिन तेच, माणूस तोच.

याहून जुनी गोष्ट मला जास्त आवडते. १८८७ मध्ये शोव्हो आणि कॉफमान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या तोंडाच्या स्नायूत जाणारं आणि त्यातून बाहेर येणारं रक्त तपासलं. घोडा चारा चावत असताना तो स्नायू स्वस्थ असतानापेक्षा जास्त साखर काढून घेत होता. इन्सुलिनचा शोध १९२१ चा. म्हणजे किल्ली सापडायच्या चौतीस वर्षं आधी राबणारा स्नायू साखर घेतो हे माणसाला दिसलं होतं, कडबा चावणाऱ्या जनावराच्या तोंडात.

कडब्यावरूनच आमची पुढची गोष्ट. त्या उन्हाळ्यात मी आण्णांना गावाकडे घेऊन आले. गोठ्यात एक गाय, एक कालवड आणि हातानं फिरवायची जुनी कडबाकुट्टी. मी त्यांना काही करा म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः उठले, पेंढी सोडली आणि चाकाची मूठ धरली. मी ग्लुकोमीटर आणला होता. सकाळी दीड भाकरी आणि पिठलं खाल्ल्यावर पाऊण तासानं बोट टोचलं: २३८. मग पंचवीस मिनिटं कुट्टी. मध्ये दोनदा थांबले, घाम पुसला, कालवडीच्या पाठीवर थाप मारली. दंडाची शीर वर आली होती, श्वास चढला होता पण बोलता येत होतं. पुन्हा टोचलं: १७६. आण्णांना आकडे वाचता येत नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, 'उतरली का?'

दुसऱ्या दिवशी तीच भाकरी, तेच पिठलं, तीच वेळ, पण बाजेवर बसून गप्पा. २३३ ची २५१ झाली. एका दिवसानं काही ठरत नाही हे मलाही कळतं, म्हणून आठ दिवस केलं, एक दिवस कुट्टी, एक दिवस बाज. कुट्टीच्या चारही दिवशी आकडा खाली आला. बाजेवरच्या दिवशी वर गेला किंवा जागचा हलला नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

नवव्या दिवशी भावकीत लग्न होतं, त्यासाठी दादा आला. दारातून आत आला तेव्हा आण्णा चाक फिरवत होते. त्यानं पिशवी तिथंच टाकली आणि मला म्हणाला, 'जन्मभर मुकादमानं राबवलं ते कमी पडलं का? आता तू जुंपलंस बापाला?' मी वही पुढे केली. त्यानं ती पाहिली नाही.

मला राग आला होता, खूप आला होता. पण आज सांगते, दादा का चिडला ते मला कळतं. त्यानं आण्णांना फळीवरून घसरलेलं पाहिलंय. त्याच्यासाठी बापाला आराम देणं हे आयुष्यभराचं देणं होतं. चुकलं ते इतकंच की कष्ट आणि हालचाल या दोन गोष्टी त्यानं एकच धरल्या. उचल फेडण्यासाठी, अर्धपोटी, झोपमोड करून, पाठ मोडेस्तोवर करतात ते कष्ट, ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पोटभर खाऊन, सावलीत, स्वतःच्या मर्जीनं, दम लागला की थांबून पंचवीस मिनिटं करतात ती हालचाल. आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हा घोळ आहे. ज्यांनी हाडाची काडं केली त्यांची मुलं पगारदार झाली की प्रेमानं आई-बापांना बसवतात, आणि पन्नास वर्षं रोज साखर ओढून घेणारे स्नायू वर्षभरात वितळतात. स्नायू गेला म्हणजे साखर ठेवायची जागाच गेली. मग गोळ्या वाढतात आणि सगळे म्हणतात, 'वयाप्रमाणे चालायचंच.' माझं स्पष्ट मत आहे: शुगर झालेल्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं ही सेवा नाही.

चालणं की वजन? दोन्ही. चालणं हाताशी आहे, जेवणानंतर केलं तर त्या जेवणाची साखर लगेच वापरली जाते. वजन ओढल्या-उचलल्यानं स्नायू टिकतो. आठवड्याला दीडशे मिनिटं हे सर्वसाधारण प्रमाण धरतात, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको म्हणतात. कारण वर सांगितलंच, परिणाम दोन दिवसांपलीकडे उरत नाही. रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून आठवडाभर बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ग्लिमेपिराइड किंवा तशा गटातली गोळी चालू असेल, किंवा इन्सुलिनची सुई, तर व्यायामानं साखर नको इतकी खाली जाऊ शकते, कधी कधी रात्री झोपेतसुद्धा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी डोसाचं बोला. आर. डी. लॉरेन्स या डॉक्टरांनी व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे १९२६ मध्येच लिहून ठेवलंय. जो पाय किंवा हात राबणार आहे त्यात सुई घेऊ नका, औषध लवकर शोषलं जातं, पोटात घ्या. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर अनवाणी रानात जायचं नाही, रोज तळवे बघायचे. डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झालेला असेल तर जोर लावायचं काम आधी विचारून. छातीत दुखलं, भरून आलं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. फार जोराच्या, दम कोंडणाऱ्या व्यायामानं साखर थोडा वेळ वरही जाते, कारण ॲड्रेनलिन यकृताला साखर सोडायला लावतं. तेवढ्यानं घाबरू नका.

आणि तुम्ही 'इन्सुलिन काम करत नसेल तरी' असं विचारलंय, म्हणून इन्सुलिन काम न करणं आणि नसणं यातला फरक वेगळा सांगते. टाइप टू मध्ये इन्सुलिन असतं, ऐकलं जात नाही. टाइप वन मध्ये ते जवळजवळ नसतंच. तिथं स्नायू साखर ओढेल, पण यकृताला आवरणारं कुणी नाही. ते साखर ओततच राहतं, रक्तात केटोन नावाची आम्लं वाढतात आणि व्यायामानं तब्येत आणखी बिघडू शकते. टाइप वनच्या मुलानं सुई चुकवून 'मी धावून घेईन' म्हणणं जिवावर बेतू शकतं. दुसरी वाट आहे म्हणून पहिली सोडायची नाही.

दादाचं आणि माझं बोलणं आठ महिन्यांनी सुरू झालं, आण्णांचा आकडा ७.४ आला तेव्हा. मात्र दोन वर्षांपूर्वी आण्णांना रात्रीची इन्सुलिनची सुई सुरू करावी लागली. दादा म्हणाला, 'बघ, शेवटी किल्ली लागलीच ना?' दादा, तुला तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही ते इथं लिहिते. लागली. स्वादुपिंडातल्या पेशी वर्षांगणिक थकतात, त्या थकल्या की बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं, आणि ते वेळेवर दिलं हे बरंच झालं. पण ते इन्सुलिन ज्या स्नायूवर काम करतंय तो स्नायू आज आण्णांच्या अंगावर आहे, आणि तो गॅलरीतल्या खुर्चीत आलेला नाही.

गेल्या पाडव्याला दादानं कडबाकुट्टीला मोटार बसवून दिली. आण्णांनी दोन दिवस ती चालवली. तिसऱ्या दिवशी पट्टा काढून खुंटीला अडकवला, तो अजून तिथंच आहे.